दहा कलमांची मैत्री

दार्जिलिंगला ८ ऑगस्ट १९४९ रोजी भारत आणि भूतान यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्यात कलमे दहाच, आणि भाषा कोरडी. तरीही तो सावकाश वाचला, कलमांचा क्रम पाहिला, काय लिहिले आणि काय मोघम ठेवले हे नीट न्याहाळले, की त्याची गोडी कळू लागते. एका बाजूला नुकताच स्वतंत्र झालेला, राज्यघटना अजून लिहीत असलेला खंडप्राय देश. दुसऱ्या बाजूला हिमालयाच्या कुशीतले, बाहेरच्या जगाशी जेमतेम संबंध असलेले छोटे बौद्ध राज्य. बळाच्या दृष्टीने इतके विषम शेजारी एकमेकांशी कसे बोलले, हे या दहा कलमांत वाचायला मिळते.

पहिले कलम चिरंतन शांतता आणि मैत्रीचे. अशा प्रत्येक करारात ते असतेच. खरा करार दुसऱ्या कलमात सुरू होतो. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात भारत वचन देतो, की भूतानच्या अंतर्गत कारभारात आम्ही हस्तक्षेप करणार नाही. दुसऱ्यात भूतान मान्य करतो, की परराष्ट्र व्यवहारात आम्ही भारताच्या सल्ल्याने चालू. ही रचना नवी नव्हती. १९१० च्या पुनाखा करारात ब्रिटिशांनी जवळजवळ हेच लिहून घेतले होते. साम्राज्य गेले, पण त्याची वाक्यरचना मागे राहिली. भारताचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकाने इथे थोडे थांबायला हवे.

पण याच चौकटीत पुढची दोन कलमे येतात आणि कराराचा सूर बदलतो. तिसरे कलम पैशाचे. १८६४-६५ च्या दुआर युद्धात ब्रिटिशांनी भूतानचा सुपीक पायथा घेतला आणि सिंचुला करारानुसार त्याबदल्यात वर्षाला ५० हजार रुपये देऊ केले. १९१० मध्ये त्याचे एक लाख झाले, १९४२ मध्ये आणखी एक लाखाची तात्पुरती भर पडली. नवा भारत ही रक्कम पाच लाखांवर नेतो, आणि जुन्या तरतुदींचा उल्लेखही त्याच कलमात करतो. हिशेबाच्या या ओळींत पाऊण शतकाहून अधिक काळाचा इतिहास दडला आहे.

चौथे कलम मला सर्वांत सुंदर वाटते. देवनगिरी भागातली सुमारे ३२ चौरस मैल जमीन भारत वर्षभरात भूतानला परत करील, असे ते सांगते. स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, फाळणीच्या जखमा ताज्या असताना, एका मोठ्या देशाने छोट्या शेजाऱ्याला जमीन परत देण्याचे कबूल केले. त्यासाठी कलमात एकही मोठा शब्द वापरलेला नाही. मजकूर सरकारी दस्तऐवजाचा, कृती मात्र मनाच्या मोठेपणाची.

नववे कलम बहुतेक वाचक ओलांडून जातात. वाद झाला तर तीन लवाद नेमायचे: एक भारताचा, एक भूतानचा आणि अध्यक्ष म्हणून भारतातील फेडरल कोर्टाचा किंवा उच्च न्यायालयाचा न्यायाधीश. तो न्यायाधीश निवडायचा मात्र भूतानने. न्यायासन भारताचे, निवड भूतानची. दोन असमान पक्षांत विश्वास कसा उभा करावा, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

करार कागदावर जगत नाही. तो वापरला कसा गेला, यावर त्याचा अर्थ ठरतो. १९५८ मध्ये पंडित नेहरू इंदिरा गांधींसह भूतानला गेले तेव्हा तिथे पोहोचणारा मोटाररस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथु ला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून ते पारोला पोहोचले. तुम्ही स्वतंत्र राहावे हीच आमची इच्छा, असे त्यांनी तिथे सांगितले. १९६१ पासून भारताच्या सीमा रस्ते संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने तिथे रस्ते बांधायला घेतले. १९७१ मध्ये भारताच्या पाठिंब्याने भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. सिक्कीम १९५० च्या कराराने भारताचे संरक्षित राज्य झाले आणि १९७५ मध्ये भारतात विलीन झाले. भूतान मात्र आपल्या झेंड्याखाली उभा राहिला. दुसऱ्या कलमातला ‘सल्ला’ बंधनकारक नाही, हा अर्थ भूतानने हळूहळू, न भांडता रुजवला. १९८४ पासून चीनशी सीमेची बोलणीही तो थेट करू लागला.

मग आली या कराराची ८ फेब्रुवारी २००७ ची दुसरी संहिता. भारतातर्फे प्रणव मुखर्जी आणि भूतानतर्फे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांच्या स्वाक्षऱ्या तिच्यावर आहेत. याही वेळी कलमे दहाच. दुसऱ्या कलमातून सल्ल्याची अट गेली. राष्ट्रहिताच्या प्रश्नांवर दोघे निकट सहकार्य करतील आणि आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाहीत, असे आले. या वाक्यामागे ताजी किंमत होती: डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने भारताविरुद्ध लढणाऱ्या उल्फा आणि इतर बंडखोरांचे तळ आपल्या जंगलांतून उखडले होते. आता दोन्ही देश एकाच वाक्याचे कर्ते झाले. लवादाचे ते देखणे कलम मात्र गेले. वाद परस्पर चर्चेने सोडवायचे ठरले. त्याची मला हळहळ वाटते. २०१३ मध्ये भूतानच्या निवडणुकीच्या तोंडावर भारताने स्वयंपाकाच्या गॅसवरचे आणि रॉकेलवरचे अनुदान थांबवले, तेव्हा तिथल्या घराघरांत जी अस्वस्थता पसरली, ती पाहता छोट्या शेजाऱ्याच्या हाती असा एखादा लेखी आधार असायला हवा, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

दोन्ही संहितांचे शेवटचे कलम एकच सांगते: करार कायम राहील, बदलायचा तर दोघांच्या संमतीने. १९४९ च्या त्या ओळीने २००७ ची वाट मोकळी ठेवली होती. कराराचा मोठेपणा बलवानाने काय मिळवले यावर मोजू नये. हाती असूनही त्याने काय सोडले आणि ते लिहून दिले, यावर मोजावा. या कसोटीवर दार्जिलिंगचा करार आपल्या परराष्ट्र धोरणातला एक उत्तम मजकूर आहे, आणि तो शाळा-महाविद्यालयांत मुळातून वाचला गेला पाहिजे.