ग्राहकाचे माप आणि वाचकाची भाषा

विद्यापीठीय ग्रंथालयात येणाऱ्यास ‘वाचक’ म्हणावे की ‘ग्राहक’, हा वाद वरवर केवळ शब्दांचा वाटतो. परंतु शब्दाबरोबर मापही येते, हे ‘लिबक्वाल’ या प्रश्नावलीच्या घडणीवरून दिसून येते. अमेरिकेतील संशोधन-ग्रंथालयांची संघटना व टेक्सास ए अँड एम विद्यापीठ यांनी २००० साली ती वापरात आणली. तिचे मूळ मात्र परशुरामन, झाइथामल व बेरी यांनी १९८८ साली व्यापारी सेवांसाठी प्रसिद्ध केलेल्या ‘सर्वक्वाल’ मापनश्रेणीत आहे. वाचकाने बावीस विधानांपैकी प्रत्येकापुढे १ ते ९ मधील तीन आकडे मांडावयाचे: किमान चालेल अशी सेवा, हवीशी वाटणारी सेवा आणि प्रत्यक्ष मिळणारी सेवा. या आकड्यांतील अंतरे पाहून ग्रंथपालाने पुढील योजना आखावी, अशी ही कल्पना.

कर्त्यांनी व्यापारी श्रेणी जशीच्या तशी उचलली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. त्यांनी प्रथम वाचकांच्या मुलाखती घेतल्या, आणि ‘स्थान म्हणून ग्रंथालय’ ही कल्पना त्या संभाषणांतून वर आली. बँकेच्या ग्राहकाला ती कशाला सुचेल? परंतु एकदा विधाने पक्की झाल्यावर वाचकाचे बोलणे संपले व त्याचे आकडे उरले.

येथे भाषिक दोष गंभीर ठरतो. कामास लागणारी छापील ‘आणि/किंवा’ इलेक्ट्रॉनिक नियतकालिके मिळतात काय, अशा अर्थाचे एक विधान तीत आहे. अध्यापकाने यापुढे ४ हा आकडा मांडला, तर छापील अंक बंद झाल्याची ती तक्रार आहे की इलेक्ट्रॉनिक अंक न घेतल्याची? दोन्ही अर्थ एकाच आकड्यात सामावतात. वर्गणी रद्द करण्याचा निर्णय मात्र कोणत्या तरी एकाच अर्थावर घ्यावा लागतो. त्यातून सहा अध्यापकांच्या एखाद्या भाषाविभागाची अडचण हजारो विद्यार्थ्यांच्या सरासरीत कोठे दिसणार?

‘हवीशी’ या रकान्याविषयीही शंका रास्त आहे. अपेक्षा वजा करण्यापेक्षा प्रत्यक्ष सेवेचेच मापन अधिक विश्वसनीय, असे क्रोनिन व टेलर यांनी १९९२ सालीच ‘सर्वक्वाल’च्या परीक्षणात प्रतिपादिले होते. शिवाय जे नियतकालिक वाचकाने कधी पाहिलेच नाही, ते त्याला हवेसे कसे वाटावे? (मागणीची नोंद होते; न सुचलेल्या मागणीची होत नाही.)

त्या मानाने वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी १९९२ पासून दर तीन वर्षांनी स्वतः केलेली पाहणी अधिक उपयुक्त वाटते. अध्यापक व विद्यार्थी यांना तेथे निरनिराळे प्रश्न विचारता आले, आणि एकाच संस्थेतील बदल वर्षानुवर्षे ताडून पाहता आला. ‘लिबक्वाल’मध्येही अखेरीस मोकळ्या अभिप्रायासाठी एक चौकट आहे. आकड्यांचा तक्ता उघडण्यापूर्वी ग्रंथपालाने ती वाचावी. ‘आणि/किंवा’चा उलगडा झालाच तर तेथेच होण्याचा संभव आहे.