एरियल, कांडी आणि अर्धवट उत्तर

‘रेडिओ नीट लागत नसेल तर एरियल पूर्ण उघडावी, एरियल जितकी लांब, तितक्या जास्त लहरी ती पकडते.’ विज्ञानाच्या अनेक पुस्तिकांत आणि वर्गांत हे स्पष्टीकरण दिले जाते. सल्ला एफएमपुरता उपयोगाचा आहे. कारण मात्र अपुरे आहे आणि मध्यम लहरींना ते लागूच पडत नाही, असे आम्हांला वाटते.

1000 किलोहर्ट्‌झच्या लहरीची लांबी 300 मीटर. तिच्यापुढे पाऊण मीटरची एरियल ती काय! बहुतेक ट्रान्झिस्टरमध्ये मध्यम लहरींसाठी ती जोडलेलीही नसते. हे काम आतली फेराइटची कांडी आणि तिच्यावरचे तारेचे वेटोळे करते. लहरीचे बदलते चुंबकीय क्षेत्र कांडीतून गेले, की फॅरडेच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. हे क्षेत्र आडवे आणि लहरीच्या दिशेशी काटकोनात असते. म्हणून कांडी केंद्राच्या दिशेशी काटकोनात असताना ग्रहण उत्तम, तर तिचे टोक केंद्राकडे असताना सर्वांत क्षीण. एफएमचे गणित वेगळे. 100 मेगाहर्ट्‌झची लहर 3 मीटरची, तिचा चतुर्थांश 75 सेंटीमीटर. एरियलची योग्य लांबी यावरून ठरते.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ग्रहण सुधारणे म्हणजे संदेश मोठा करणे, असे येथे गृहीत धरलेले असते. पण संदेशाबरोबर खरखरही मोठी झाली तर लाभ काय? महत्त्व दोहोंच्या गुणोत्तराला आहे. जवळच्या चार्जरमुळे किंवा एलईडी दिव्यामुळे खरखर येत असेल, तर ती सर्वांत कमी होईल अशा दिशेला रेडिओ फिरवावा. संदेश थोडा कमी झाला तरी बातम्या स्पष्ट ऐकू येतात.

हे वर्गात सहज तपासता येते. कागदावर वर्तुळ काढून 30-30 अंशांवर खुणा कराव्यात आणि मधोमध रेडिओ ठेवून फिरवावा. केंद्र दूरचे निवडावे; जवळच्या केंद्राबाबत रेडिओतील स्वयंचलित नियंत्रण फरक झाकून टाकते. प्रयोग दिवसा करावा, कारण रात्री आयनांबरावरून परतलेल्या लहरी निरीक्षणात घोटाळा करतात. एका फेरीत आवाज दोनदा मंदावेल. दोनदाच का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

‘लांब म्हणजे चांगले’ एवढ्यावर ज्याचे समाधान केले, तो विद्यार्थी रेडिओ फिरवून पाहणारच नाही. आमची खरी तक्रार ही आहे.