फ्रायडेची भाषा

अभिजात साहसकादंबऱ्यांच्या वसाहतोत्तर पुनर्कथनांची चर्चा करताना आपण बहुधा एकच कसोटी लावतो : मूळ कृतीने ज्याला मुके ठेवले, त्याला नव्या कृतीने वाचा दिली काय? ही कसोटी सोयीची आहे. ती पुरेशी आहे काय, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे. प्रस्तुत टिपणात डॅनिएल डीफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) ही कादंबरी आणि तिच्या आधारे रचलेल्या दोन कृती, डेरेक वॉलकॉटचे ‘पँटोमाइम’ (१९७८) हे नाटक व जे. एम. कुट्सीची ‘फो’ (१९८६) ही कादंबरी, एवढ्यांचाच विचार केला आहे.

क्रूसो आपल्या सोबत्याला प्रथम त्याचे नाव शिकवितो. ज्या वारी त्याचे प्राण वाचले, त्या वाराचे ते नाव. त्याला आधीचे काही नाव असेल, हे विचारण्याची गरज क्रूसोला भासत नाही. नंतर तो ‘मालक’ हा शब्द शिकवितो व हेच आपले नाव असे सांगतो. मग ‘होय’ आणि ‘नाही’. शब्द शिकविण्याच्या या क्रमातच दोघांच्या नात्याची मांडणी आहे. येथवरचे विवेचन परिचित आहे.

भाषेच्या अभ्यासकास मात्र आणखी एक गोष्ट खटकते. फ्रायडेच्या इंग्रजीत सहायक क्रियापदे गळतात, कर्त्याच्या जागी कर्माचे सर्वनामरूप येते, नकारार्थी शब्द थेट क्रियापदापूर्वी बसतो. नवशिक्याच्या बोलण्यात हे स्वाभाविक होय. परंतु बेट सोडून युरोपात आल्यावर, पिरेनीज पर्वतातील अस्वलाच्या प्रसंगी, तो पूर्वीपेक्षाही मोडके बोलतो. वर्षानुवर्षे इंग्रजांच्या सहवासात राहिलेल्या तरुणाची भाषा अशी मागे जात नाही. ती लेखकाने विनोदासाठी मोडली आहे, असेच म्हणावे लागते.

तथापि याच मोडक्या भाषेत फ्रायडे विचारतो, ईश्वर सैतानाहून बलवान असेल तर तो त्यास ठार का करीत नाही? क्रूसो ऐकू न आल्याचा बहाणा करतो. पुढे वडील भेटल्यावर फ्रायडे त्यांच्याशी स्वतःच्या भाषेत बोलू लागतो, आणि ते संभाषण समजण्यासाठी क्रूसोला त्याच्याच दुभाषेपणावर विसंबावे लागते. म्हणजे डीफोचा फ्रायडे मुका नाही. त्याला मातृभाषा आहे. ग्रंथात ती आपल्याला ऐकू येत नाही, एवढेच.

वॉलकॉटने नेमका हा धागा उचलला आहे. टोबॅगोमधील एका अतिथिगृहाचा इंग्रज मालक हॅरी व त्याचा त्रिनिदादी नोकर जॅक्सन हे क्रूसोचे प्रहसन बसवू पाहतात. भूमिकांची अदलाबदल होते आणि क्रूसो झालेला जॅक्सन वस्तूंना नवी ‘आफ्रिकी’ नावे देतो. पुढे हॅरी त्याला मेजाचा शब्द विचारतो, तेव्हा तो जॅक्सनलाच आठवत नाही. प्रसंग हास्याचा आहे, पण आशय गंभीर आहे. शब्द लक्षात ठेवण्याची सक्ती शिकणाऱ्यावर असते, देणाऱ्यावर नसते. शिवाय हरवलेली भाषा अशी बनविलेल्या शब्दांनी परत मिळत नाही, हेही येथे सूचित होते.

कुट्सीचा मार्ग याच्या उलट आहे. त्याच्या फ्रायडेला जीभच नाही. ती कोणी कापली, याचा निर्णय कादंबरी देत नाही. मालकाने त्याला ‘सरपण’ हा शब्द शिकविला आहे, ‘लाकूड’ शिकविलेला नाही : कामापुरती भाषा. सुझन बार्टन त्याला अक्षरे शिकवू पाहते, तेव्हा तो पाटीवर पाय असलेल्या डोळ्यांच्या ओळी काढतो. लेखकाने फ्रायडेला दिलेली कोणतीही वाणी अखेर लेखकाचीच ठरली असती. ती देण्याचे नाकारण्यात कुट्सीचा प्रामाणिकपणा आहे, आणि त्याच्या कादंबरीचे बळही तेथेच आहे.

परंतु या मौनाची किंमतही मोजली पाहिजे. डीफोचा फ्रायडे कॅरिबियन प्रदेशातील मूलनिवासी आहे. कुट्सीने त्याला आफ्रिकी केले. त्यामुळे गुलामांच्या व्यापाराचा इतिहास कथेत आला, हा लाभ निःसंशय मोठा आहे. मात्र त्याबरोबर फ्रायडेचे वडील गेले, त्यांच्याशी बोलण्याची भाषा गेली आणि क्रूसोला निरुत्तर करणारा प्रश्नही गेला. ‘फो’ वाचून मूळ कादंबरीकडे न वळणारा वाचक फ्रायडे तेथेही मुकाच होता असे समजेल; मग त्याचे ते बोलणे दुसऱ्यांदा दडपले जाईल, आणि या वेळी ते आपल्या हातून.

म्हणून पुनर्कथनाने वाचा दिली की नाही, एवढे विचारून थांबू नये. मूळ कृतीत काय बोलले गेले होते, हे ऐकण्यास त्याने आपला कान तयार केला काय, हाही प्रश्न विचारावा. या कसोटीवर वॉलकॉटचे लहानसे नाटक ‘फो’पेक्षा उजवे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विद्यार्थ्यांनी तिन्ही कृती एकत्र वाचाव्यात, आणि डीफोपासूनच आरंभ करावा.