पंचावन्न इंच

पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे पुष्कळ आहेत. नाटकांची लिहिणारे तर नाटकांपेक्षा जास्त. पण ज्या वस्तूसमोर आपण उभा जन्म बसून काढतो, त्या टीव्हीचं रीतसर परीक्षण कुणी करीत नाही. दुकानदार करतो, पण त्याला तो खपवायचा असतो. तेव्हा हे काम मीच शिरावर घेतलं आहे. समीक्षकाला लागणारी मुख्य पात्रता माझ्याकडे आहे: वस्तू घडत असताना, म्हणजे आमच्या बाबतीत खरेदी होत असताना, माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

2021 च्या दिवाळीत चिरंजीवांनी पंचावन्न इंची टीव्ही घरी आणला. अठरा हप्त्यांवर. हे इंच तिरके मोजतात, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, हे मला तेव्हा कळलं. कापडवाल्यानं सदऱ्याचं कापड असं तिरकं मोजून दिलं असतं, तर आमच्या हिनं त्याला पंचावन्न पिढ्या पुरेल एवढं ऐकवलं असतं. चित्र म्हणे ‘फोर-के’. आडवे 3840 ठिपके, उभे 2160. मी कागदावर गुणाकार केला. ब्याऐंशी लाखांच्या वर गेला.

“एवढे ठिपके करायचेत काय?” मी विचारलं.

“बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही,” चिरंजीव म्हणाले. समीक्षकांना लेखक हेच सांगत आले आहेत, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही.

तुलनेशिवाय समीक्षा होत नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला; आमच्याकडे टीव्ही आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. वीस इंची, काळा-पांढरा, लाकडी दारांचा. दारांना हिनं कुलूप लावलं होतं, आणि किल्ली परीक्षा संपेपर्यंत मसाल्याच्या डब्यात असे. गच्चीवर अँटेना. तिच्यावर कावळा बसला की खाली वृत्तनिवेदकाला मुंग्या येत. मग मी गच्चीत, ही खिडकीत. “आलं का?” “आलं, आलं... गेलं!” पुढं रंगीत टीव्ही सगळ्यांनी घेतले, तरी आम्ही बरीच वर्षं या खोक्यावरच भागवलं.

2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. आमच्या जिन्यात त्या वेळी सद्दाम हुसेनच्या बाजूनं चार आणि अमेरिकेच्या बाजूनं तीन बिऱ्हाडं होती. खालच्या मजल्यावरचे अण्णा कुठल्याच बाजूनं नव्हते. त्यांचा मुलगा कुवेतला नोकरीला होता. फोन बंद, पत्र नाही. अण्णांचा टीव्ही नेमका दुरुस्तीला गेलेला, म्हणून संध्याकाळच्या बातम्यांना ते आमच्याकडे येत आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसत.

त्या बातम्या काही फार थोर नव्हत्या. सरकारी, कोरड्या, आणि निम्म्या मंत्र्यांच्या उद्घाटनांच्या. पण निवेदक जे सांगायचं ते एकदाच सांगे आणि थांबे. अम्मानहून आणखी विमानं आली, एवढं एक वाक्य ऐकून अण्णा, “येतो हं,” म्हणून उठत. दीड लाखांवर माणसं त्या विमानांनी आली. त्यांतच एका रात्री अण्णांचा मुलगा आला, हातात एक बॅग घेऊन. दुसऱ्या दिवशी अण्णा बातम्यांना आले नाहीत. आम्हाला घर रिकामं वाटलं.

आता नव्या कलाकृतीकडे वळू. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं युक्रेनवर चढाई केली. हिच्या मावसबहिणीची नात खारकीव्हला डॉक्टरकी शिकत होती. ती आजी आमच्याकडे येऊन बसली, कारण आमचा टीव्ही मोठा. पडद्यावर स्टुडिओतच रणगाडे फिरत होते, भोंगे वाजत होते, सहा चौकटींतले सहा जण एकाच वेळी ओरडत होते. दर दहा मिनिटांनी ‘सर्वांत मोठी बातमी’ येई, आणि ती आधीचीच असे. ब्याऐंशी लाख ठिपके होते. त्यांतल्या एकातही ती मुलगी नव्हती. आजीचा हात थरथरायला लागला, तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं, की आपण तिला मघापासून काय दाखवतो आहोत.

एवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तळहाताएवढा, काचेला तडा गेलेला, नातीचाच जुना. निरोप असा: ‘आजी, तळघरात आहोत. बिस्किटं आहेत. टीव्ही बघू नकोस.’

माझ्या पाहण्यातलं टीव्हीचं सर्वांत नेमकं परीक्षण हेच. मी आजवर त्यात भर घालू शकलेलो नाही. मुलगी पुढं पोलंडमार्गे सुखरूप परत आली.

समीक्षकानं न्यायानं बोलावं. 1990 साली अण्णांच्या हातात असा मोबाइल असता, तर त्यांच्या कित्येक रात्री वाचल्या असत्या. तेव्हा नवं ते सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. फक्त खरेदीला जाताना इंच मोजण्याआधी एवढं विचारावं, की यातून आपल्या माणसाची खबर कळणार आहे, की नुसता आवाज?

हप्ते केव्हाच फिटले. टीव्ही भिंतीवर आहे. बातम्या लागल्या, की मी तो मुका करतो. क्रिकेटची मॅच मात्र त्यावर फार सुंदर दिसते. पण हे चिरंजीवांना सांगू नका.