सूर्यबिंबाभोवतीचा उजेड आणि एक सर्वमान्य सूत्र

आरशांच्या साहाय्याने सूर्यतेज एकवटून उष्णता वा वीज निर्माण करण्याचे प्रयत्न आपल्या परिसरास अपरिचित नाहीत. चाकण येथील महिंद्रा वाहन-कारखान्यात इंजिनाचे भाग धुण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेकरिता ‘अरुण’ ही मोठी तबकडी उभारली गेली. खेड तालुक्यातील शिवे येथे थरमॅक्सने केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सहकार्याने अन्वस्ताकार आरसे आणि जैवभार यांच्या संयोगातून वीजनिर्मितीचा प्रयोग केला. अशा संयंत्राचे उत्पन्न अपेक्षेहून कमी भरले की दोष कोणाचा, आरसे बसविणाऱ्याचा की आकाशाचा, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर ज्या गणिती प्रतिरूपावर अवलंबून आहे, त्याची परीक्षा येथे करावयाची आहे.

पृथ्वीवरून सूर्यबिंबाची कोनीय त्रिज्या सुमारे ४.६५ मिलिरेडियन दिसते. परंतु हवेतील धूलिकण व विरळ ढगांतील हिमस्फटिक प्रकाशास किंचित वळवितात आणि बिंबाभोवती प्रभामंडल निर्माण होते. लोकभाषेत ज्याला खळे म्हणतात ते हे नव्हे. खळे बिंबापासून सुमारे २२ अंशांवर पडते, तर हे प्रभामंडल बिंबास चिकटूनच असते. बिंब व प्रभामंडल मिळून येणाऱ्या प्रकाशात प्रभामंडलाचा जो वाटा, त्यास परिसौर गुणोत्तर म्हणतात.

येथेच मापनाची मेख आहे. थेट सूर्यप्रकाश मोजणाऱ्या पायरहेलिओमीटरचा दृष्टिकोन मध्यापासून २.५ अंश, म्हणजे ४३.६ मिलिरेडियन, असतो. अन्वस्ताकार नालीचा स्वीकार-अर्धकोन मात्र साधारणतः १ अंशाच्या आतला. उपकरण ज्यास ‘थेट’ म्हणून जमा करते, त्यातील काही प्रकाश नळीवर पडतच नाही.

ही तफावत मोजण्यासाठी ब्यूई, मोंगर व डे यांनी २००३ साली मांडलेले सूत्र आज जवळजवळ सर्वत्र वापरले जाते. बिंबावरील तेजाचे वाटप एका कोज्या-गुणोत्तराने आणि बाहेरील तेजाचे वाटप एका घातीय नियमाने ते दर्शविते. परिसौर गुणोत्तर ही एकच राशी दिली की सारा आकार निश्चित होतो. या सुटसुटीतपणाचे मोल कमी नाही. बिंबाच्या कडेकडे मंदावणारे तेज त्यात आहे, आणि संगणनास ते अत्यंत सोयीचे आहे. तरीही तीन आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप अंतर्गत सुसंगतीचा. सूत्रात ०.१० हे गुणोत्तर घालून संकलन केले असता जवळजवळ तेच परत मिळते, परंतु ०.३० घातल्यास सुमारे ०.२८ च हाती येते. जे दिले ते परत न देणारे सूत्र दुरुस्तीवाचून वापरणे योग्य नव्हे.

दुसरा आक्षेप आधारसामग्रीचा. सूत्रामागील निरीक्षणे दोन संचांची आहेत: लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९७६ ते १९८१ या काळात अमेरिकेत केलेली, आणि जर्मन अवकाश संस्थेने युरोपात केलेली. त्यावरून आकार स्थलनिरपेक्ष असल्याचे अनुमान काढणे धाडसाचे आहे. हिवाळ्यात खाली दबलेल्या हवेत साचणारा धूर व धूळ आणि पावसाळ्याच्या मागेपुढे येणारे विरळ उंच ढग, असे आपले आकाश आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी. प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरेच मोठे कण प्रकाश अगदी पुढच्या दिशेस फेकतात. धुराचे बारीक कण तो अधिक पसरवितात. म्हणून गुणोत्तर समान असूनही दोन आकाशांतील प्रभामंडलाचा उतार भिन्न असू शकतो, आणि केंद्रीकारकास महत्त्व आहे ते उताराचेच.

हा केवळ सूक्ष्मतेचा वाद नव्हे. आरसे निर्दोष आहेत असे धरून याच सूत्राने हिशेब केला, तर १२ मिलिरेडियनच्या बाहेर पडणारा प्रकाश गुणोत्तर ०.१० असता सुमारे ४ टक्के आणि ०.३० असता सुमारे १२ टक्के भरतो. हमीची चाचणी ज्या दिवशी घेतली जाते त्या दिवशीचे आकाश नोंदले नसेल, तर ही तूट निष्कारण आरशांच्या माथी मारली जाईल; किंवा उलट, आरशांचा खरा दोष धुरक्याआड लपेल.

उपाय पुण्यास दूरचा नाही. अन्ना मणी यांनी याच शहरात भारतीय प्रारण-मापनाची घडी बसविली. त्यांचा सौर प्रारणाच्या आकडेवारीचा ग्रंथ १९८० साली निघाला. आंतरराष्ट्रीय एरोनेट जालातील पुण्याचे केंद्र उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २००४ साली सुरू झाले. त्या प्रकारच्या नोंदींतून कणांची घनता व आकारमान काढता येते, आणि त्यावरून प्रभामंडलाचा उतार गणिताने मिळविता येतो. ब्यूई यांचे सूत्र टाकून द्यावे असे म्हणणे नाही. प्राथमिक आराखड्यास ते पुरेसे आहे. परंतु ज्या प्रबंधात चाकणच्या संयंत्राचे उत्पन्न टक्क्याच्या दशांशापर्यंत सांगितले जाते, त्यात चाकणच्या आकाशास एखादे पान मिळावयास हवे, एवढीच अपेक्षा आहे.