खून परवडला!

रहस्यकथा रात्री वाचू नये, असं आमच्या सौ.चं मत. तरी परवा डॅफ्नी द्यू मॉरिएची १९३८ सालची ‘रिबेका’ पुन्हा हातात घेतली. मँडर्लीचा भलामोठा वाडा, मालक मॅक्सिम आणि त्याची बुजरी दुसरी बायको. तिचं नाव लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. घरात जिथंतिथं मेलेल्या पहिलीचंच नाव! पुढं नवरा कबूल करतो की, पहिलीला आपणच गोळी घातली. आता बाईनं किंचाळायला हवं की नाही? छे! तिला हायसंच वाटतं. का, तर ‘ह्यांचं’ पहिलीवर प्रेम नव्हतं! आणि खुनी सुटावा म्हणून आपणही देव पाण्यात घालून बसतो.

१९४० साली हिचकॉकनं सिनेमा काढला. हॉलिवुडच्या नियमावलीपायी तिथं रिबेका नुसती पडून मरते. नियम सांभाळला, पण आपली चोरी पकडायची राहिली.

मला वाटतं, खून निमित्तमात्र. खरी ओढ माजघरातल्या गुपिताची. ते कळलं की आपण घरचेच होतो, आणि घरचा माणूस साक्ष देत नाही.

दोन वाजता दिवा मालवला. अंधारात सौ. म्हणाली, ‘‘माझ्यापासून काही लपवलंयत का हो?’’

धाकट्या भावाला दिलेले पाच हजार मी तिथल्या तिथं कबूल केले. तिला काही हायसं वाटलं नाही.