दगडावरचं कापड, मण्यातला दोरा

वस्त्रकलेच्या इतिहासात पीएच.डी. करायचं म्हणालात की कुणीतरी गो. स. घुर्यांचं ‘इंडियन कॉस्च्यूम’ (१९५१) वाचायला सांगतंच. वाचा. शिल्पं, चित्रं, जुने ग्रंथ यांच्या आधारे भारतीय पेहरावाचा इतका मोठा पट मांडणं सोपं नव्हतं, आणि नेसण्याच्या तऱ्हा टिपणारी ती नजर आजही शिकण्यासारखी आहे. माझी तक्रार आहे ती आपण हे पुस्तक कसं वापरतो याबद्दल. ते पेहरावाबद्दल बोलतं; आपण त्यातून थेट कापडावर उडी मारतो.

मीही मारली होती. पहिल्या प्रपोजलमध्ये अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या मूर्तींबद्दल ‘तलम सुती वस्त्र’ असं लिहिलं होतं. गाईडने पेन्सिलने शेजारी एकच शब्द लिहिला: कशावरून?

एखाद्या रविवारी तिथे जाऊन बघा. मंदिर शिलाहारकालीन, शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. एखाद्या मूर्तीच्या कमरेखालच्या रेषा चुण्यांच्या, विणीतल्या पट्ट्यांच्या की दागिन्याच्या? दगड झिजलाय, त्यात शिल्पकाराची स्वतःची रीत. नेसण कदाचित कळेल. पण सूत की रेशीम, हे दगड कधीच सांगणार नाही.

ते सांगणारी माणसं आपल्याच सेंट्रल लाइनवर होती. (स्लो लोकल पकडा, फास्ट माटुंग्याला थांबत नाही.) माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत ए. एन. गुलाटी आणि ए. जे. टर्नर यांनी मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेलं कापड तपासलं आणि ते कापसाचं असल्याचं १९२८ मध्ये प्रसिद्ध केलं. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो, रेशमाचा तसा दिसत नाही. पुढे नेवाशाच्या उत्खननात लहान मुलाच्या दफनात तांब्याचे मणी मिळाले. त्यांत टिकलेल्या दोऱ्यात रेशीम असल्याचं गुलाटींनीच नोंदवलं. दोन्ही ठिकाणी धातूच्या क्षारांनी तंतू कुजू दिला नाही.

म्हणून प्रयोगशाळा श्रेष्ठ आणि ग्रंथालय दुय्यम, असं मी म्हणत नाहीये. नेवाशाच्या दोऱ्यावरून त्या मुलाला काय नेसवलं होतं ते कळत नाही. तिथे घुर्यांचेच प्रश्न लागतात. पण सायन्सवाल्यांनो, या विषयात ‘आपल्याला इतिहास कुठे येतो’ म्हणून लाजू नका. ‘कशावरून’ विचारायची सवय तुम्हाला आहे, ती इथे कमी पडते.

आणि विषय शोधायला पैठणलाच जायला हवं असं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या जीन्स बघा. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला, आडवा पांढरा. धुलाईत निळा वरवर झडतो. कृत्रिम निळीचा रेणू झाडाच्या निळीसारखाच, म्हणून फरक शोधायचा तर सोबतच्या इतर घटकांकडे बघावं लागतं. फाळणीनंतरच्या सिंधी छावणीतून वाढलेल्या या गावात किती कारागिरांकडे जुने नमुने, कागदी कटिंग, धुलाईची गणितं पडून असतील! ती रद्दीत जातात, कारण आपण त्यांना ‘वस्त्रकला’ म्हणतच नाही. पुढच्या महिन्यात मी दोन कारखान्यांत जाणार आहे. बदलापूर-अंबरनाथकडचं कुणी सोबत येणार असेल तर वही आणि भिंग घेऊन या.